कड्याचे भय आणि अभय

भगवंतांनी गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्ती मोजून दाखविली आहे. तिच्यात पहिला मान 'अभय' या गुणाचा. या विषयावर मी कितीतरी कीर्तने केली. भय हे अज्ञानाचे पोर, द्वैत आहे तोवरच भय, असे ठणकावून सांगितले, आणि श्रोत्यांनी माना डोलविल्या. पण कड्याच्या टोकाशी उभे राहून ज्याने कधी खाली पाहिलेच नाही, त्याने हे इतक्या मोठ्या आवाजात सांगावे काय, हा प्रश्न मला साठी उलटल्यावर पडला. कसा पडला ते सांगतो.

अकोले तालुक्यात पाचनई गावावरून हरिश्चंद्रगडास वाट जाते. मुक्ताबाईंचे शिष्यत्व पत्करलेल्या चांगदेवांनी याच गडावर तप केले आणि १३१२ साली 'तत्त्वसार' हा ग्रंथ रचला, म्हणून आम्हां लोकांस हा गड तीर्थासारखा. काही वर्षांपूर्वी त्या बाजूस कीर्तन होते. दुसऱ्या दिवशी भजनी मंडळींबरोबर वर गेलो. केदारेश्वराच्या गुहेतल्या गार पाण्यात उतरून पिंडीला हात लावला. मग पोरे म्हणाली, बुवा, कोकणकडा पाहू.

हा कडा इतर कड्यांसारखा सरळ तुटलेला नाही. तो आत वळलेला आहे, नागाच्या फडीसारखा. टोकाशी उभा राहिलेला मनुष्य पुढे आलेल्या पाषाणावर उभा असतो, आणि आपल्या पायांखाली काय आहे हे त्यास दिसतच नाही. वारा खालून वर येतो. खाली ढग आणि पाठीशी ऊन असले म्हणजे कधी कधी येथे गोल इंद्रधनुष्य दिसते. त्यास इंद्रवज्र म्हणतात. साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ते पाहून १८३५ सालच्या निबंधात नमूद केले आहे. आम्हांस काही ते दिसले नाही. आमचे नशीब त्या दिवशी वेगळेच होते.

आमचा पखवाजी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. तो कड्यापासून वीसेक पावलांवरच बसला. म्हणाला, "मामा, मला नाही जमायचं. खालून कुणी पाय ओढतंय असं वाटतं." मी हसलो. म्हणालो, "अरे, रात्री अभयाच्या निरूपणाला साथ केलीस, आणि सकाळी दगडाला भ्यालास?" सगळे हसले. पोराचा चेहरा उतरला. तो ताडकन् उठला, चालत गेला आणि अगदी कडेला जाऊन उभा राहिला. क्षणभरच. मग त्याचे गुडघे लटपटू लागले. त्यास पुढे होता येईना, मागे येता येईना, आणि तोंडातून शब्द फुटेना. मी हाक मारली. पण खरे सांगायचे तर माझेही पाय जागचे हलले नाहीत. वाट दाखविण्यास आलेला गावचा म्हातारा होता, तो पोटावर पडला, सरपटत गेला, पोराचा घोटा धरला आणि हळूच म्हणाला, "बस खाली. आधी बस. आता मागं सरक."

नंतर चहा घेताना तो मला म्हणाला, "बुवा, पोराला हसायला नको हुतं. कड्याला भ्यावंच लागतं. माझा बाप भ्यायचा. मी जलमभर हितं गुरं चारली, पण उभ्यानं कधी खाली बघितलं नाही. पोट टेकायचं आन् मग बघायचं."

मी गप्प बसलो. काय बोलणार?

पुढे या विषयाची थोडी माहिती काढली. मनुष्य उभा असताना किंचित हेलकावतच असतो. तळपाय, कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय आणि डोळे हे तिघे मिळून त्यास सावरतात. जवळच्या वस्तू सरकलेल्या दिसल्या की डोळ्यांस तो हेलकावा कळतो. कड्यावर समोर जवळचे असे काहीच नसते, म्हणून डोळ्यांची साक्ष तुटते, देह अधिक झुलतो आणि घेरी येते. यात भ्याडपणा कोठे आला? तोल जाण्याची जागा आली, एवढेच देह सांगत असतो. १९६० साली गिब्सन व वॉक या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. जाड काचेखाली एका बाजूस खोली दिसेल अशी योजना करून रांगत्या मुलांस त्यावर सोडले. पलीकडून आई बोलावीत होती, तरी रांगत निघालेल्या २७ मुलांपैकी ३ मुलेच खोल बाजूवर गेली. आईच्या हाकेलाही मूल थांबते. मग मामाच्या चेष्टेला भाच्याने का जावे? मी त्याच्या ठायी देवाने ठेवलेला पहारेकरीच हसून हुसकावला होता.

आणि शास्त्र तरी काय म्हणते? सोळावा अध्याय मी सांगत आलो, पण अठरावा नीट पाहिला नव्हता. तेथे भगवंत सात्त्विक बुद्धीचे लक्षण सांगतात : कार्य-अकार्याप्रमाणेच भय आणि अभयही जी जाणते, ती बुद्धी सात्त्विक. म्हणजे कोठे भ्यावे हे कळणे हाही सत्त्वगुणच की! जेथे भ्यावयाचे तेथे न भिणे हे अभय नव्हे, ती बेफिकिरी होय, आणि तिच्या पोटी बहुधा लोकांनी पाहावे हीच हाव असते. महाभारताच्या उद्योगपर्वात विदुर एक गोष्ट सांगतो. गंधमादन पर्वतावर बिकट कड्यावर घागरीएवढे मधाचे पोळे होते, भोवती विषारी सर्प. किरातांनी ते पाहिले, लोभ सुटला, आणि ते त्या दरीतच नाश पावले. मध दिसला, पडणे दिसले नाही. आज हातात मोबाइल धरून, कड्याकडे पाठ करून मागे मागे सरकणारी मुले पाहिली की मला ते किरात आठवतात. यांचा मध म्हणजे चार लोकांची वाहवा. पडलेल्यास शोधण्यास दोर बांधून दरीत उतरणारी गावची व गिर्यारोहक मंडळीही कोणाची तरी मुलेच असतात, हे तर कोणाच्या ध्यानीमनीही नसते.

जाणत्यालाही कडा सवलत देत नाही. अरुण सावंत यांच्यासारखा आयुष्यभर सह्याद्री पालथा घातलेला गिर्यारोहक जानेवारी २०२० मध्ये याच कोकणकड्यावर गेला.

मग कड्याच्या टोकाशी जाणे नेहमीच वाईट काय? तसे म्हणवत नाही. रायगडच्या हिरकणीची आख्यायिका सर्वांस ठाऊक आहे. दरवाजे मिटले, घरी तान्हे मूल, म्हणून ती अंधारात कडा उतरली. ती भ्याली नसेल असे मला वाटत नाही; भीत भीतच उतरली असेल, एकेक खाच चाचपीत. पण तिला खाली मूल होते, आणि वरून पाहणारे कोणी नव्हते. आमच्या पोराला पाहणारे आम्ही दहाजण होतो, आणि खाली काही नव्हते.

कित्येकांस कठडा असलेल्या गच्चीतही घेरी येते, हे खरे. तेथे भय जास्त झालेले असते. ते पायरी पायरीने, ज्याचे त्याने, विश्वासाच्या माणसाबरोबर कमी करावे, ढकलून नव्हे.

त्या रात्री मी भाच्याची क्षमा मागितली. "मामा, असू द्या," म्हणाला, पण पुढचे दोन महिने त्याचा हात पखवाजावर मोकळा पडला नाही. गेल्या वर्षी तोच म्हणाला, चला, पुन्हा जाऊ. गेलो. म्हातारा आता राहिला नव्हता, त्याचा नातू बरोबर होता. टोकापासून दूरच आम्ही दोघे पोटावर पडलो आणि सरपटत गेलो. माझे धोतर मातीने भरले. खाली नुसते ढग होते. भाच्याने माझे मनगट घट्ट धरले होते, की मी त्याचे, ते आता आठवत नाही.