न नांगरलेली खाचरे

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोकलने नेरळला उतरले, की जवळच उल्हास नदीच्या काठी चंद्रशेखर भडसावळे यांची सगुणा बाग आहे. आणि ज्या कोकणात राब भाजणे, चिखलणी व वाकून केलेली आवणी यांवाचून भात पिकतच नाही असे पिढ्यान्‌पिढ्या गृहीत धरले गेले, तेथेच या तिन्हींना रजा देणारी ‘एसआरटी’ (सगुणा राइस टेक्निक) पद्धत याच बागेतून प्रसृत झाली. गादीवाफे एकदाच करावयाचे, लोखंडी साच्याने भोके पाडून बी टोकावयाचे, आणि कापणीनंतर मुळे न उपटता जमिनीतच कुजू द्यावयाची, म्हणजे त्यांच्या वाटांनी हवापाणी आत उतरते, सेंद्रिय कर्ब वाढतो व गांडुळे आपण होऊन परततात. तणनाशक मात्र वापरले जाते; निसर्गशेतीच्या उपासकांचा त्यावरील आक्षेप मला सर्वस्वी अनाठायी वाटत नाही.

मला अधिक मोलाचा वाटतो तो प्रसाराचा मार्ग. सरकारी परिपत्रक कचेरीतून चावडीपर्यंत येईतो हंगाम उलटतो. येथे एका शेतकऱ्याच्या वाफ्यातील ढेकूळ दुसरा स्वतः फोडून पाहतो, मोबाइलवर छायाचित्रे धाडून शंका विचारतो, आणि पुढल्या खरिपात निदान बांधालगतचे एखादे खाचर तरी न नांगरता सोडतो. मुरबाड-शहापूरकडील तरुण कारखान्यांत नि भिवंडीच्या गोदामांत रुजू झाल्यापासून आवणीला माणूस मिळणे दुर्घट झाले. तेव्हा पुष्कळ जण तत्त्वापेक्षा मजुरीच्या हिशेबानेच या वाटेला लागले असावेत, आणि त्यात कमीपणा मानण्याचे काहीच कारण नाही.