घरचा मसाला कुणाचा?

गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटी पंढरपूरहून आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "या वर्षी मसाला नाही करणार मी. खांदा वर जात नाही. पुण्यात मिळतो की चांगला, आणा विकत." मी लगेच म्हणालो, "विकतच्याला ती चव नसते गं." शिवाय आपल्या घरची एवढी जुनी पद्धत अशी एकदम कशी बंद करायची, हेही ऐकवलं. ती म्हणाली, "बरं, बघू," आणि फोन ठेवला.

फोन ठेवल्यावर मला माझ्याच वाक्याची लाज वाटायला लागली. तिचा खांदा दुखत होता आणि मी चवीबद्दल बोलत होतो. पण मी खोटंही बोललो नव्हतो. विकतच्या मसाल्याला ती चव नसते, हे मला मनापासून वाटतं. मग चुकलं काय होतं? मनापासून वाटणारी गोष्ट दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवायचा हक्क मला कुठून मिळाला, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे.

आधी हा मसाला आमच्या घरी काय करतो, ते सांगतो. आम्ही दोघंही नोकरी करतो. घरी पोचायला साडेआठ होतात. त्यानंतरही आमच्याकडे स्वयंपाक होतो, तो ओट्याखालच्या काळ्या मसाल्याच्या बरणीमुळे. तेलात मोहरी-जिरं, कांदा, लसूण, दोन चमचे मसाला, मूठभर दाण्याचं कूट आणि पाणी. वांगी असली तर वांगी, नसली तर मोड आलेली मटकी. कालवण वीस मिनिटांत होतं आणि आम्ही ते कौतुकानं खातो. पण ही चव वीस मिनिटांत तयार झालेली नसते. ती मे महिन्यात तयार होऊन बरणीत बसलेली असते. आम्ही फक्त तिला गरम पाणी दाखवतो. सॉफ्टवेअरमध्ये वारंवार लागणारं उत्तर एकदाच काढून साठवून ठेवतात, म्हणजे दर वेळी सगळा हिशेब पहिल्यापासून करावा लागत नाही. मसाला ही तीच युक्ती आहे. फरक एवढाच, की आमच्याकडे तो हिशेब यंत्र करतं. इथे आई करत होती.

तो हिशेब लहानपणी मी दर उन्हाळ्यात पाहिलाय. मिरच्या दोन प्रकारच्या आणायच्या: रंगाला ब्याडगी, तिखटाला लवंगी. ब्याडगी हावेरी जिल्ह्यातली, सुरकुतलेली, गडद लाल आणि तिखटाला बेताची. दोन दिवस गच्चीवर कडकडीत ऊन द्यायचं, मग एकेक देठ मोडायचं. हे सगळ्यात कंटाळवाणं काम, आणि त्यानंतर रात्रभर हाताची आग. एक किलो मिरचीला अर्धा किलो धणे, पाव किलो सुकं खोबरं, त्याच्या निम्मे तीळ, थोडी खसखस. जिरे, शहाजिरे, मिरे, लवंग, दालचिनी, मसाला वेलदोडे, दगडफूल, नागकेशर, जायपत्री, तमालपत्र, हळकुंडं आणि खडा हिंग. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण प्रत्येकाची वेळ वेगळी. दगडफूल कढईत पडतं न पडतं तोच काढावं लागतं. खोबरं मात्र थेट काळपट होईपर्यंत भाजायचं. काळ्या मसाल्याचा काळेपणा बराचसा तिथून येतो. पण एक पायरी पुढे गेलं की सगळा मसाला कडू. मिरच्या शेवटी. तेव्हा आम्हा पोरांना शेजारी पाठवायचे, आणि आई नाकाला पदर बांधून खोकत राहायची.

हे सगळं आषाढीच्या आत उरकायचं असे. पंढरपुरात पुष्कळ घरांत वारीला माणसं उतरतात. आमच्याकडेही एका दिंडीतले दहा-बारा जण दरवर्षी येतात. एकादशीचा उपास झाला, की द्वादशीच्या पारण्याला पुरणपोळी आणि कटाची आमटी. त्या आमटीला नवा मसाला हवा, असा घरचा नियम. तो नियम कुणी केला, हे मी कधी विचारलं नाही. तो कोण पाळतं, ते मात्र दिसत होतं.

आता माझ्या फोनवरच्या बाजूकडे वळतो. तिच्यात तीन गोष्टी होत्या. दोन मी बोललो होतो, परंपरा आणि चव. तिसरी मनात होती: घरचं म्हणजे शुद्ध.

परंपरेपासून सुरुवात करू. मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांबरोबर ती सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर उतरली. शेंगदाणाही तिकडचाच. ज्ञानेश्वरांनी १२९६ साली समाधी घेतली, चोखोबा १३३८ साली गेले, नामदेव १३५० साली. म्हणजे ज्यांच्यामुळे पंढरपूर मराठी माणसाच्या मनात आहे, त्यांतल्या पहिल्या पिढीनं मिरची पाहिलीसुद्धा नव्हती. त्यांचं तिखट मिऱ्याचं, सुंठीचं, पिंपळीचं. ज्याला मी आपली जुनी पद्धत म्हणत होतो, ते काळं तिखट आणि दाण्याचं कूट हे दोघंही विठ्ठलाच्या मानानं अलीकडचे पाहुणे आहेत. त्यानं परंपरा खोटी ठरत नाही. पण एवढं कळतं, की कुणीतरी एकदा जुनं सोडून सोयीचं नवं घेतलं, आणि त्यांच्या स्वयंपाकाला काही बाध आला नाही. तो अधिकार मी आईला द्यायला तयार नव्हतो.

दुसरी गोष्ट शुद्धतेची. तिला आधार नाही असं नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरच्या अन्नसुरक्षा यंत्रणांनी दोन भारतीय कंपन्यांच्या काही मसाल्यांत इथिलीन ऑक्साइड आढळल्याचं सांगून ते बाजारातून काढायला लावले. जंतू मारायला वापरतात तो हा वायू, आणि कर्करोगाला कारण ठरणारा म्हणून ओळखला जातो. तेव्हा आमच्या ऑफिसातही "म्हणून घरचंच बरं" हे वाक्य खूप फिरलं. पण घरचंच बरं म्हणणाऱ्या आम्हा सहा-सात जणांपैकी एकानंही कधी मसाला भाजलेला नव्हता. सगळ्यांच्या घरचा म्हणजे आईचा, सासूचा किंवा मावशीचा होता.

आणि शुद्ध या शब्दाबद्दल पंढरपूरच्या माणसानं जरा जपून बोलावं. आमच्या गावात चोखोबांची समाधी देवळाच्या महाद्वाराबाहेर आहे. ते दार अस्पृश्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषण करावं लागलं. आपलं ते शुद्ध, बाहेरचं ते बाटलेलं, ही भाषा इथे केवळ जंतूंपुरती कधीच नव्हती. कुणाचा हात लागला, याची ती भाषा होती. बाजारच्या मसाल्याच्या भेसळीबद्दल जरूर बोलावं, तपासणीही कडक मागावी. पण घरचं म्हणून आपोआप पवित्र, हे म्हणताना माझ्या तोंडात तो जुना शब्द येत नाही ना, हे बघावं लागतं.

शिवाय घरचा मसाला खरंच कितीसा घरचा असतो? भाजलेलं सगळं डब्यात भरून आई डंकावर घेऊन जायची. मे महिन्यात तिथे बायकांची रांग. प्रत्येकीचा डबा ओळीनं ठेवलेला, आणि आपला नंबर आला की डोळ्यासमोर कांडून घ्यायचा. लोखंडी मुसळं वरखाली पडायची, सगळ्यांना शिंका. तरीही उखळात आधीच्या बाईचा मसाला थोडा उरलेला असायचाच. पहिली मूठ दोघींची मिळून असायची, आणि आपलीही थोडी पुढचीच्या डब्यात जायची. यावर कुणी भांडताना मी पाहिलं नाही. आई म्हणायची, "तेवढं चालतंय." गावातल्या सगळ्या घरच्या मसाल्यांत शेजारचा मसाला होता.

उरली चव. ती खरी आहे आणि मी ती नाकारणार नाही. मसाला कुटला की त्यातली सुगंधी तेलं उडायला लागतात, खोबऱ्याचं तेल हळूहळू खवट होतं. त्यामुळे नुकता भाजून कुटलेला मसाला महिनोन् महिने दुकानात पडलेल्या पाकिटापेक्षा वेगळा लागणारच. पण चव खरी असली म्हणजे ती मला फुकट मिळावी, असं होत नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरच्या बिनपगारी कामावर ते करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात आणि पुरुषांची ९७, असं दिसलं. माझी वीस मिनिटं त्या ९७ मध्ये मोजली जात असतील. ती वीसच का लागतात, याचं उत्तर २९९ मध्ये आहे.

विचारवंत हॅना आरेंट यांनी १९५८ सालच्या 'द ह्यूमन कंडिशन' या पुस्तकात श्रम आणि निर्मिती असा भेद केला आहे. श्रम म्हणजे जे केलं की संपतं आणि उद्या पुन्हा करावं लागतं: स्वयंपाक, झाडलोट. निर्मिती म्हणजे जी मागे उरते: टेबल, घर, पुस्तक. मला वाटतं, मसाला या दोन्हींच्या मधे कुठेतरी बसतो. तो वर्षभर टिकतो, त्याला घराची ओळख असते, लोक त्याचं नाव काढतात. पण शेवटी तो रोजच्या कालवणात संपतो, आणि करणारीचं नाव त्याच्यावर कुठेच नसतं. १९७५ साली मुंबईत प्रेमा पुरव यांनी गिरणी कामगारांना जेवण देणाऱ्या खानावळवाल्या बायकांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. रांधणं तेच, हातही तेच. पण संघटना आली, बँकेचं कर्ज आलं, आणि जे आजवर बायकांचं रांधणं होतं ते व्यवसाय म्हणून दिसायला लागलं. हे आठवलं तेव्हा आईचं "आणा विकत" मला वेगळं ऐकू आलं. ती परंपरा मोडत नव्हती. या कामाला किंमत असते आणि ती कुणीतरी मोजावी, एवढंच ती सांगत होती.

मे महिन्यात दोन दिवस रजा टाकून पंढरपूरला गेलो. आई खुर्चीवर बसली, कढईपाशी मी. सगळं वजन करून लिहून घ्यायचं ठरवून गेलो होतो. धण्यांपर्यंत जमलं. पुढे "किती वेळ भाजू?" विचारलं की ती म्हणायची, "वास येईस्तोवर." कसला वास, ते तिला सांगता येईना आणि मला लिहिता येईना. खोबरं मी जरा जास्तच भाजलं. मिरच्यांच्या वेळी डोळ्यांतून पाणी काढत बाहेर पळालो, तर ती मागून म्हणाली, "गॅस तरी बारीक करून जा." पंचवीसेक वर्षं हे ती दर उन्हाळ्यात करत होती, आणि मी तेव्हा शेजारी टीव्ही बघत होतो.

मसाला बरा झाला. थोडा कडसर आहे. स्वतः केल्यानं मागची सगळी उधारी फिटली असं मला वाटत नाही. दोन दिवसांत पंचवीस उन्हाळे फिटत नाहीत. आणि सगळ्यांनी घरी मसाला करावा, असंही मी सांगणार नाही. उलट आता विकत आणायला माझी हरकत राहिलेली नाही. ज्या बाईनं किंवा बचत गटानं तो केलाय, तिच्याशी भावावरून घासाघीस मात्र आता मला करवणार नाही. घरच्या चवीचा आग्रह धरायचा असेल, तर कढईपाशी आपण उभं राहावं. उभं राहायचं नसेल, तर उभं राहणाऱ्याला दाम द्यावा. तिसरी वाट, म्हणजे आग्रह आपला आणि खांदा दुसऱ्याचा, ही मला इतकी वर्षं प्रेमाची वाटत होती.

निघताना आईला तिचा वाटा काढून दिला. तिनं चिमूटभर तळहातावर घेऊन चाटला आणि म्हणाली, "द्वादशीच्या आमटीला चालंल. गूळ जरा जास्त घालीन."