कड्याला मुभा, पाण्याला मनाई

19 जुलै 2022 रोजी इंग्लंडमधल्या कॉनिंग्ज्बी गावी पारा 40.3 अंशांवर पोचला. ब्रिटनच्या नोंदींत तापमानाने चाळिशी ओलांडण्याची ही पहिलीच वेळ. चंद्रपूर-अकोल्याच्या माणसाला हा आकडा वैशाखातला रोजचा वाटेल. पण ब्रिटनमधली बहुतेक घरं ऊब धरून ठेवायला बांधलेली आहेत. अशा दिवसांत माणसं घराबाहेर पडतात आणि डोंगर नाहीतर पाणी गाठतात. मँचेस्टर आणि शेफील्ड यांच्यामध्ये पसरलेल्या पीक डिस्ट्रिक्टमध्ये दोन्ही आहे: कडे, नद्या, धरणं, पाण्याने भरलेल्या जुन्या खाणी. इथे कड्यावर चढणाऱ्याला कायदा वाट करून देतो आणि पाण्यात उतरणाऱ्याला मात्र अडवतो.

2000 सालच्या ‘कंट्रीसाइड अँड राइट्स ऑफ वे’ कायद्याने इंग्लंड आणि वेल्समधल्या मोकळ्या माळरानांवर पायी हिंडण्याचा हक्क सर्वांना मिळाला. प्रस्तरारोहण त्यात बसतं. या हक्काखाली काय करता येणार नाही याची यादी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि भरती-ओहोटी नसलेल्या पाण्यात उतरून न्हाणं तिच्यात येतं. म्हणजे माळावरच्या कड्यावर जीव टांगणीला लावण्याची मुभा आहे, पण घामाने भिजलेलं अंग शेजारच्या तळ्यात बुचकळण्याचा हक्क नाही.

कड्यावरची माणसं उन्हाशी कशी वागतात हे पाहण्यासारखं आहे. पीक डिस्ट्रिक्टमधला स्टॅनेजचा कडा ग्रिटस्टोन या खरबरीत दगडाचा. त्याचे होल्ड बरेचदा गोलसर, बोटं अडकवायला धारच नाही. सगळी मदार घर्षणावर. बोटांना घाम सुटला की हात निसटतो, तापलेल्या दगडावर बुटांचं रबर मऊ पडतं. म्हणून मुरलेले चढाईपटू या दगडासाठी थंडीची वाट पाहतात. उन्हाळ्यात जायचंच झालं तर सकाळी जातात, कारण कड्याचं तोंड पश्चिमेकडे आहे आणि ऊन तिथे उशिरा येतं. दुपारी चुनखडीच्या ची डेलसारख्या दरीत सावलीतला कडा शोधतात. तिथे पायथ्यालगत वाय नदी वाहते.

ही समज पाट्या लावून आलेली नाही. बुजुर्गांच्या मागे दोर धरून, क्लबांतून, मार्गदर्शक पुस्तकांतून ती पिढ्यान्‌पिढ्या उतरली. 1944 मध्ये स्थापन झालेली ब्रिटिश माउंटनियरिंग कौन्सिल जमीनमालकांशी बोलते, पक्ष्यांच्या विणीच्या काळात कुठले कडे टाळायचे हे चढाईपटूंना कळवते. कड्यावरून पडून माणसं मरतात हे सर्वांना ठाऊक आहे. तरीही समाजाने चढाईपटूंवर भरवसा ठेवला, आणि भरवशातून शिस्त आली.

पाण्याबाबत हा भरवसाच कमी पडला. पाण्यात धोका नाही असं कुणीच म्हणणार नाही. कडक उन्हात खोल जलाशयाचा फक्त वरचा थर तापतो. खाली गारठा तसाच असतो. तापलेलं शरीर एकदम थंड पाण्यात गेलं की अनावर धाप लागते, हृदयाचे ठोके भरभर वाढतात, आणि त्या पहिल्या मिनिटात तोंड पाण्याखाली असेल तर पट्टीचा पोहणाराही बुडू शकतो. ब्रिटनची जीवरक्षक संस्था ‘आरएनएलआय’ यावर सोपा उपाय सांगते: हातपाय मारू नका, डोकं मागे टाका, पाठीवर तरंगत राहा, श्वास ताळ्यावर येऊ द्या. एवढं ज्ञान जीव वाचवतं. ‘पोहण्यास सक्त मनाई’ या पाटीत यातलं काहीच नसतं.

पाटीचं बळ किती, हे बक्स्टनजवळच्या हार्पर हिलने दाखवलं. तिथल्या खाणीत चढाईचे कडे आहेत आणि निळंशार पाणीही होतं. पण त्या निळाईमागे चुन्याचा क्षार होता. पाण्याचा सामू 11.3, जवळपास अमोनियाइतका. कातडी भाजेल, पोट बिघडेल असं लिहिलेल्या पाट्या उभ्या होत्या, तरी उन्हाळ्यात लेकुरवाळी कुटुंबं तिथे उतरत होती. शेवटी 2013 मध्ये स्थानिक परिषदेने पाण्यात काळा रंग कालवला. इथे बंदी योग्यच होती. पण वाईट पाण्याला आणि चांगल्या पाण्याला एकच पाटी लागत असेल, तर माणसं दोन्ही पाट्या सारख्याच दुर्लक्षणार.

महाराष्ट्राला ही गोष्ट परकी नाही. कमरेला सुका भोपळा बांधून, काठावर काका-मामा उभे असताना विहिरीत पोहायला शिकलेली पिढी अजून हयात आहे. आता विहिरी आटल्या आणि शेततळी आली. त्यांच्या प्लास्टिकच्या अस्तरावरून पाय घसरतो, बाहेर यायला धरायला काही सापडत नाही. दर मे महिन्यात त्यांत मुलं बुडाल्याच्या बातम्या येतात. पाणी बदललं, पण त्या पाण्याची ओळख करून देणारं कुणी काठावर उरलं नाही.

तिकडे इंग्लंडमध्ये स्टॅनेजच्या पायथ्याशी हॅदरसेज गावात 1936 पासून उघड्यावरचा तरणतलाव आहे. देखरेख आहे, ठरलेल्या वेळा आहेत. गावोगावी अशी सोय उभी राहिली तर धरणांच्या काठावरची गर्दी हटेल. सगळी नाही, कारण मोकळ्या पाण्याची ओढ वेगळीच असते आणि ती रास्त आहे.

मोकळ्या डोंगराच्या अशाच ओढीने याच पीक डिस्ट्रिक्टमध्ये 24 एप्रिल 1932 रोजी सुमारे 400 जण, बहुतेक तरुण कामगार, शिकारीसाठी राखलेल्या किंडर स्काउटच्या पठारावर बंदी मोडून चढले. पाच जणांना तुरुंगवास झाला. त्यांचा म्होरक्या बेनी रॉथमन तेव्हा 20 वर्षांचा होता. 1951 मध्ये हाच मुलूख ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झाला. अलीकडच्या वर्षांत त्याच डोंगराखालच्या किंडर जलाशयात पोहणारे एकत्र उतरून पाण्याचा हक्क मागू लागले आहेत. त्यांची मागणी हवेतली नाही. स्कॉटलंडच्या 2003 च्या भूसुधारणा कायद्याने तिथल्या तळ्यांत आणि नद्यांत जबाबदारीने पोहण्याचा हक्क दिलेला आहे. इंग्लंडने तो दिला, तर जलाशयाचे मालक झडपा आणि विसर्गाच्या जागा नेमक्या आखून तेवढ्याच बंद ठेवू शकतील. बाकीच्या काठावर खोली किती, पाणी किती थंड, बाहेर यायची वाट कुठे, एवढं लिहिता येईल.