सोय आणि सत्य

यंत्र सामान्य माणसाच्या आटोक्यात आणावे की माणसाने यंत्रापुरते शहाणे व्हावे, हा वाद जुनाच आहे. परंतु संगणकातील फाइलींच्या बाबतीत त्या वादास एक नैतिक बाजू आहे, आणि तिचाच थोडा विचार करण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

एम. एस. डॉस या जुन्या प्रणालीत फाइलीचे नाव आठच रोमन अक्षरांत कोंबावे लागे. पुढे एक टिंब व फाइलीचा प्रकार सांगणारी तीन अक्षरे. फाइल हलविणे वा पुसणे यांसाठी आज्ञा पाठ कराव्या लागत. या कष्टांत विद्या फारशी नव्हती; होती ती निव्वळ दगदग. १९८१ साली झेरॉक्सच्या 'स्टार' संगणकाने व १९८४ साली ॲपलच्या मॅकिन्टॉशने पडद्यावर फोल्डरांची चित्रे आणली, तेव्हा ज्यास कचेरीतील कागद लावता येतात त्यास संगणकातील कागदही लावता येऊ लागले. विंडोज ९५ने लांब नावांची मुभा दिली. पुढे युनिकोडमुळे फाइलीस 'आईची पत्रे' असे मराठी नावही देता येऊ लागले. ही सोय निःसंशय स्तुत्य होय.

परंतु माणूस गोंधळेल म्हणून त्याच्यापासून एखादी गोष्ट झाकून ठेवणे, यासही सोयच म्हणतात. विंडोजने फाइलीचा प्रकार सांगणारी शेवटची अक्षरे न दाखविण्याचा प्रघात पाडला. त्याचे फळ मे २००० मध्ये दिसले. फिलिपाइन्समधून निघालेले एक 'प्रेमपत्र' ई-मेलने जगभर पसरले. त्याच्या नावाअखेरीस 'टीएक्सटी', म्हणजे साधा मजकूर, असे दिसे. त्यापुढील 'व्हीबीएस' ही अक्षरे मात्र पुष्कळांच्या पडद्यावर उमटतच नसत. हा मजकूर नसून चालणारी आज्ञावली आहे, हे सांगणारी अक्षरे नेमकी तीच! लोकांनी ते विश्वासाने उघडले, आणि त्या आज्ञावलीने त्यांच्या छायाचित्रांच्या फाइलींवर आपलीच प्रत चढविली. यात दोष अज्ञानाचा, असे कोणी म्हणेल. आम्हांस ते पटत नाही. ज्यास पाहू दिले नाही, त्यास 'तू पाहिले नाहीस' म्हणून बोल लावणे न्यायाचे नव्हे.

मग माणसाने चुकतच राहावे काय? याचे उत्तर त्याच पडद्यावरील कचराटोपलीत आहे. पुसलेली फाइल तत्काळ नष्ट न करता ती काही काळ राखून ठेवते. माणूस चुकेल हे ती धरून चालते. पण चुकेल म्हणून त्याचे डोळे बांधीत नाही. चालावयास शिकणाऱ्या मुलाच्या वाटेतील धोंडे वेचणे ही ममता होय. पडेल म्हणून त्यास जन्मभर कडेवरच ठेवणे ही ममता नव्हे.

हा भेद आज अधिकच महत्त्वाचा झाला आहे. फोनमधील छायाचित्रे दूरच्या साठ्याशी जोडलेली असली, तर येथे पुसलेले छायाचित्र तेथूनही जाते, हे किती कुटुंबांस ठाऊक असते? लग्नाची छायाचित्रे, घराचे दस्त, वडिलांचा आवाज, हे सारे आता फाइलींतच असते. आपली वस्तू कोठे आहे आणि आपल्या हातून तिचे काय होणार आहे, हे धन्यास साध्या भाषेत कळले पाहिजे. सोय करणाराने कष्ट खुशाल काढून टाकावेत. परिणाम मात्र दृष्टीआड करू नयेत.