परका दाता, घरचा घेता

निवडणुकीत परकीय सत्तेने ढवळाढवळ केली असा आरोप ज्या दिवशी होतो, त्या दिवशी आपल्याकडे जेवढा गदारोळ माजतो, त्याच्या दशांश उद्योगही त्या आरोपाची तड लावण्यासाठी पुढे होत नाही, ही आपल्या सार्वजनिक जीवनातील मोठी उणीव आहे असे मला वाटते. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेत शासकीय खर्चकपातीसाठी नेमलेल्या विभागाने, भारतातील मतदान वाढवण्यासाठी ठेवलेले दोन कोटी दहा लाख डॉलर रद्द केल्याचे जाहीर केले, आणि त्याच दिवसापासून सत्ताधारी पक्षाने विरोधकांकडे व विरोधकांनी सत्ताधाऱ्यांकडे बोट दाखवण्यास आरंभ केला. ती रक्कम मुळात बांगलादेशातील कार्यक्रमासाठी मंजूर झालेली होती, असे ‘इंडियन एक्स्प्रेस’ने कागदपत्रांच्या आधारे लवकरच दाखवून दिले, पुढे सरकारनेच अमेरिकी वकिलातीचा हवाला देऊन, अशा कामासाठी एवढी रक्कम भारतात आलेलीच नाही, असे संसदेत सांगितले. तोवर आरोप करणारे निराळ्या विषयाकडे वळलेले होते. आरोप खरा असता तर तो कोणी सिद्ध केला असता, आणि खोटा ठरल्यावर तो करणाऱ्याला कोणी जाब विचारला, या दोन्ही प्रश्नांना आपल्या व्यवस्थेत धनी नाही.

या विषयाचा विचार करताना आपली दृष्टी प्रथम परक्याकडे जाते, आणि येथेच मूळ घोटाळा होतो. परके राज्य आपल्या न्यायकक्षेबाहेर असते. त्याच्या राजदूताला परत पाठवता येते, निषेधाचा खलिता धाडता येतो, पण त्याला शपथेवर उभे करून त्याची जबानी घेता येत नाही. शिवाय प्रत्येक राज्य आपला स्वार्थ पाहणारच, आणि शेजाऱ्याच्या घरातील कलहात तो साधत असेल तर ती संधी सोडणार नाही, हा राजनीतीचा जुना अनुभव आहे. मात्र एकही परका हात आतून कडी काढून दिल्याशिवाय आत येत नाही. मार्च १७७५ मध्ये सुरतेस जो तह झाला त्यात मुंबईकर इंग्रजांची लालसा होती हे खरे, परंतु त्या तहावर स्वाक्षरी होती ती पेशवाईच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या रघुनाथरावाची. साष्टी आणि वसई द्यायची, फौजेच्या खर्चापोटी दरमहा दीड लाख रुपये मोजायचे, सहा लाखांचे जडजवाहीर तारण ठेवायचे, आणि बदल्यात अडीच हजार शिपायांच्या बळावर पुण्याची सत्ता मिळवायची, असा तो व्यवहार होता. रघुनाथरावाविरुद्ध एकत्र आलेल्या पुण्याच्या कारभाऱ्यांनी, म्हणजे बारभाईंनी, इंग्रजांशी लढाई केली, तह केले, तह मोडले; पण दादासाहेबांना, म्हणजे रघुनाथरावांना, आश्रय देऊ नये हा आग्रह त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. १७८२ च्या सालबाईच्या तहात इंग्रजांना त्यांचा पक्ष सोडावा लागला, आणि दरमहा पंचवीस हजारांच्या नेमणुकीवर त्यांची राजकारणातून रवानगी झाली. जाब कोणाकडून घ्यावयाचा याविषयी त्या मुत्सद्द्यांच्या मनात संभ्रम नव्हता.

स्वतंत्र भारतात या प्रश्नाची पहिली मोठी कसोटी १९६७ साली लागली. फेब्रुवारीतील चौथ्या सार्वत्रिक निवडणुकीत काँग्रेसचे लोकसभेतील बहुमत २८३ जागांपर्यंत घसरले आणि कित्येक राज्ये तिच्या हातून गेली. त्याच सुमारास अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याने विद्यार्थी संघटना व सांस्कृतिक संस्था यांना आडमार्गाने पैसा पुरवल्याचे प्रकरण त्या देशातील एका मासिकाने बाहेर काढले, आणि आपल्या निवडणुकीत कोणाचा पैसा खेळला हा प्रश्न संसदेत ऐरणीवर आला. गृहमंत्री होते यशवंतराव चव्हाण. त्यांनी गुप्तवार्ता विभागामार्फत चौकशी करवली. अहवाल तयार झाला. आणि तो जनतेपुढे आला नाही. जूनमध्ये त्यातील मजकुराचा गोषवारा ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने छापला, त्यावरून साम्यवादी आणि पाश्चात्त्य अशा दोन्ही गोटांतून पैसा आल्याचे जगाला कळले, पण ज्या मतदाराच्या मताचा हा सौदा होता त्याला मूळ दस्तऐवज पाहण्याचा अधिकार मिळाला नाही.

यशवंतरावांची अडचण मी कमी लेखत नाही. हेरांनी गोळा केलेली वार्ता न्यायालयात पुरावा म्हणून उभी राहत नाही. ती कोणी दिली हे उघड झाल्यास खबऱ्याच्या जिवाला धोका असतो. आणि अर्धवट माहितीवर कोणाचेही नाव घेणे म्हणजे त्याला आपली कैफियत मांडण्याची संधी न देता शिक्षा करणे होय. हे तीनही आक्षेप वजनदार आहेत. परंतु नावे झाकून अहवाल छापणे, संसदेच्या सर्वपक्षीय समितीपुढे बंद दाराआड दप्तर ठेवणे, एखाद्या निवृत्त न्यायाधीशाकडे तहकीकात सोपवणे, हे मार्ग मोकळे होते. यशवंतरावांविषयी आदर बाळगूनही मला असे वाटते की त्या दिवशी एक घातक वहिवाट पडली: ज्या प्रकरणात अनेक पक्षांची नावे निघण्याचा संभव असतो, ते प्रकरण सर्वांच्या मूक संमतीने बासनात बांधले जाते.

त्यानंतर जे कळले ते परक्यांच्या तोंडून. अमेरिकेचे माजी राजदूत डॅनियल मॉयनिहन यांनी १९७८ च्या आपल्या पुस्तकात लिहिले की, केरळ आणि पश्चिम बंगाल येथील निवडणुकांत साम्यवाद्यांना रोखण्यासाठी त्यांच्या देशाने दोनदा काँग्रेसला पैसा दिला, आणि त्यांपैकी एकदा तो इंदिरा गांधींच्या हाती दिला. इंदिराजींनी ते नाकारले. २००५ मध्ये रशियन हेरखात्याचा फितूर दफ्तरदार वासिली मित्रोखिन याच्या टिपणांवर आधारलेला ग्रंथ निघाला आणि त्यात मॉस्कोहून काँग्रेस व कम्युनिस्ट या दोघांकडेही पैसा गेल्याचे म्हटले गेले. तेही नाकारले गेले. या विधानांत किती तथ्य आहे याचा निर्णय साक्षीपुराव्यानेच व्हावयास हवा होता. पण आरोप करणारा परका, नाकारणारा घरचा, आणि मध्ये तपासणारा कोणीच नाही, अशा स्थितीत आपण अर्धशतक काढले, आणि ज्या नेत्यांवर ते आरोप झाले त्यांना आपली निर्दोषता सिद्ध करण्याची संधीही त्यामुळे मिळाली नाही.

१९७६ साली विदेशी देणग्यांच्या नियमनाचा पहिला कायदा झाला. तो आणीबाणीत झाला, विरोधी पक्षांचे कित्येक नेते तुरुंगात असताना झाला, आणि त्या काळी ‘परकीय हात’ हा शब्दप्रयोग सत्तेच्या टीकाकारांवर मुक्तपणे फेकला जात होता. तरीही त्या कायद्याचे मूळ कलम निरपवाद होते. उमेदवार, आमदार-खासदार, शासकीय सेवक, वृत्तपत्रांचे संपादक व वार्ताहर आणि राजकीय पक्ष यांपैकी कोणीही विदेशी स्रोताकडून देणगी घेऊ नये, असे ते स्पष्ट सांगत होते. याच कायद्याखाली पुढे जे घडले ते थोडे जवळून पाहण्यासारखे आहे.

२८ मार्च २०१४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने एका जनहित याचिकेवर निकाल दिला. स्टरलाइट आणि सेसा गोवा या कंपन्यांनी २००९ पर्यंतच्या काळात काँग्रेस आणि भारतीय जनता पक्ष या दोघांनाही देणग्या दिल्या होत्या. या कंपन्यांच्या भागभांडवलाचा मोठा हिस्सा इंग्लंडात नोंदलेल्या वेदांत कंपनीच्या हाती होता. त्या कंपनीचा प्रमुख भारतीय नागरिक आहे, असा बचाव मांडला गेला. न्यायालयाने कायद्याची व्याख्या वाचली, कंपनी विदेशी स्रोत ठरते असे म्हटले, दोन्ही पक्षांनी प्रथमदर्शनी कायद्याचा भंग केल्याचे नोंदवले, आणि गृहमंत्रालय व निवडणूक आयोग यांनी सहा महिन्यांत कारवाई करावी असा हुकूम दिला. दोन्ही पक्ष सर्वोच्च न्यायालयात गेले.

मग २०१६ चा वित्त अधिनियम आला. त्याच्या एका कलमाने विदेशी स्रोताची व्याख्या सैल केली. परकी मालकी विदेशी गुंतवणुकीच्या मर्यादेत असेल तर ती कंपनी विदेशी मानू नये, असे ठरले, आणि हा बदल २६ सप्टेंबर २०१० पासून लागू झाल्याचे मानले जावे असेही त्यात लिहिले. त्या बळावर दोन्ही पक्षांनी आपली अपिले मागे घेतली. पण वादातील देणग्या २०१० पूर्वीच्या होत्या, तेव्हा ढाल तोकडी पडत होती. २०१८ च्या वित्त विधेयकात ती पुरी करण्यात आली: २०१६ च्या त्या कलमातील २६ सप्टेंबर २०१० ही तारीख काढून तिच्या जागी ५ ऑगस्ट १९७६ ही तारीख घालावी, एवढाच तो बदल. ५ ऑगस्ट १९७६ म्हणजे मूळ कायदा अंमलात आला तो दिवस. अशा रीतीने बेचाळीस वर्षांचा कालखंड एका तारखेच्या दुरुस्तीने स्वच्छ झाला, आणि हे विधेयक लोकसभेत गोंगाटात, चर्चेवाचून संमत झाले. प्रत्येक लहानसहान प्रश्नावर एकमेकांच्या अंगावर धावून जाणारे दोन मोठे पक्ष येथे एकमेकांविरुद्ध एक शब्दही बोलले नाहीत, कारण लाभ दोघांचाही होता. आरोपीनेच दंडसंहिता हाती घेऊन आपल्या अपराधाचे कलम मागील तारखेपासून खोडावे, याहून उत्तरदायित्वाची मोठी विटंबना मला ठाऊक नाही.

विदेशी देणग्यांच्या नियमनाची दुसरी बाजूही पाहावी. २०२० च्या दुरुस्तीने असे ठरवले की, विदेशी देणगी घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने ती रक्कम प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतच स्वीकारावी, प्रशासकीय खर्च वीस टक्क्यांवर जाऊ देऊ नये, आणि आलेल्या रकमेतून दुसऱ्या संस्थेला काही देऊ नये. गडचिरोलीत दवाखाना चालवणारी किंवा कोकणात शाळा चालवणारी एखादी संस्था असो, तिला परदेशातील हितचिंतकाची मदत हवी असेल तर संसद मार्गावरील खात्याची पायरी चढावी लागते. हिशेब कडक असावा, याला माझा विरोध नाही. पण औषधे विकत घेणाऱ्या संस्थेला एवढी शिस्त, आणि जे कायदे करतात, युद्ध व तह यांचा निर्णय घेतात, त्या पक्षांना मागील बेचाळीस वर्षांची माफी, हा न्याय उलटा आहे. परकीय पैशाचा धोका जर राष्ट्राच्या सार्वभौमत्वाला असेल, तर तो ज्याच्या हाती सार्वभौम सत्ता आहे त्याच्याच दारी सर्वांत अधिक असणार.

निवडणूक रोख्यांच्या योजनेने या अंधारात भर घातली. २ जानेवारी २०१८ रोजी जाहीर झालेल्या या योजनेत भारतात नोंदलेली कोणतीही कंपनी, मग तिची मूळ मालकी कोठलीही असो, स्टेट बँकेतून रोखे घेऊन पक्षाला देऊ शके, आणि देणाऱ्याचे नाव मतदाराला कळत नसे. विदेशी स्रोताकडून पक्षाने पैसा घेतला की नाही हे यापुढे तपासता येणार नाही, असा इशारा निवडणूक आयोगाने मे २०१७ मध्येच केंद्र सरकारला लेखी दिला होता. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या पीठाने ही योजना एकमताने घटनाबाह्य ठरवली. तपशील देण्यास बँकेने ३० जूनपर्यंत मुदत मागितली; न्यायालयाने ती नाकारली, आणि मार्चमध्येच रोख्यांचे क्रमांक जुळवून कोणी कोणाला किती दिले हे लोकांसमोर आले. न्यायालयाने आग्रह धरला तर जे दप्तर सापडत नाही असे वाटते ते काही दिवसांत सापडते, हा त्या महिन्याचा अनुभव मी मोलाचा मानतो.

इतर देशांचे आचरण सर्वस्वी अनुकरणीय आहे असे नाही, पण काही ठिकाणी त्यांनी आपल्यापेक्षा अधिक धैर्य दाखवले आहे. १९६४ च्या चिलीतील अध्यक्षपदाच्या निवडणुकीत एदुआर्दो फ्रेई यांच्या प्रचाराचा निम्म्याहून अधिक खर्च अमेरिकी हेरखात्याने केला, त्यासाठी २६ लाख डॉलर लागले, हे जगाला सांगितले ते चिलीने नव्हे. १९७५ मध्ये अमेरिकेच्याच सिनेटच्या, फ्रँक चर्च यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ते छापून प्रसिद्ध केले. २०१६ च्या अमेरिकी निवडणुकीत रशियाने हस्तक्षेप केला, या निष्कर्षावर ज्या सिनेट समितीने पाच खंडांचा अहवाल दिला, तिच्यात बहुमत त्या निवडणुकीत विजयी झालेल्या अध्यक्षांच्या स्वतःच्या पक्षाचे होते. त्यातून कोणाला किती शिक्षा झाली हा वेगळा प्रश्न. पण कागद मतदारापुढे आला, आणि पुढील वाद कागदावर बोट ठेवून झाला. कॅनडात न्यायमूर्ती मारी-जोझे हॉग यांच्या आयोगाने जानेवारी २०२५ च्या अहवालात अशा हस्तक्षेपाच्या संदर्भात चीनच्या पाठोपाठ भारताचे नाव घेतले, निवडणुकांचा निकाल त्यामुळे बदलला नाही असेही नोंदवले, आणि भारत सरकारने तो आरोप फेटाळला. आपल्या देशाचे नाव अशा यादीत वाचताना मनाला क्लेश होतात. पण परदेशी हस्तक्षेपाविरुद्ध आपण जे बोलतो त्याला वजन यावयाचे असेल, तर आपल्या सरकारने परदेशात काय केले वा केले नाही याचा खुलासा आपल्या संसदेनेही मागितला पाहिजे.

आज दोन प्रश्न न्यायासनापुढे आहेत. विदेशी देणग्यांविषयीच्या २०१६ आणि २०१८ च्या दुरुस्त्यांना दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने रोख्यांच्या प्रकरणापासून अलग केले, त्यामुळे २०२४ च्या निकालाने त्याचा निवाडा झाला नाही. दुसरा प्रश्न त्याहून जुना. ३ जून २०१३ रोजी केंद्रीय माहिती आयोगाने काँग्रेस, भाजप, राष्ट्रवादी, बसप आणि दोन्ही कम्युनिस्ट अशा सहा राष्ट्रीय पक्षांना माहिती अधिकाराच्या कक्षेत आणले. पक्षांनी तो आदेश पाळला नाही, आणि मार्च २०१५ मध्ये, आदेशाचे पालन झालेले नाही परंतु ते करवून घेण्याचे साधन आपल्यापाशी नाही, अशी नोंद आयोगाला करावी लागली. या पक्षांचे उमेदवार आपल्या दारी येतील तेव्हा त्यांना रस्ते, पाणी, शेतमालाचा भाव यांविषयी जरूर विचारावे, पण त्याबरोबर आणखी दोन गोष्टी विचाराव्यात: त्यांच्या पक्षाने माहिती अधिकारी केव्हा नेमायचा ठरवला आहे, आणि ५ ऑगस्ट १९७६ ही तारीख कायद्यातून काढण्याच्या बाजूने ते सभागृहात मत देतील काय.