आधी बाण काढावा, मग हात फिरवावा



महाभारताच्या द्रोणपर्वातला एक प्रसंग आपण आठवू या. युद्धाचा चौदावा दिवस आहे. सूर्यास्तापूर्वी जयद्रथाचा वध करीन, नाहीतर अग्निप्रवेश करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा आहे. घटका-घटका मोलाची आहे. अशा वेळी शत्रुसैन्याच्या मधोमध अर्जुनाचा रथ थांबतो. घोडे बाणांनी घायाळ झाले आहेत, थकून गेले आहेत. अर्जुन खाली उतरतो, एकटा सैन्याला थोपवून धरतो आणि बाणाने भूमी भेदून पाणी काढतो. इकडे श्रीकृष्ण घोडे सोडतात. त्यांच्या अंगात रुतलेले बाण स्वतःच्या हातांनी उपसून काढतात, अंग चोळून देतात, पाणी पाजतात, चारा घालतात. घोड्यांचा शीण उतरला, की त्यांना पुन्हा रथाला जुंपतात.

हातात लगाम धरलेले पार्थसारथी आपल्या देवघरात असतात. घोड्याच्या घामाने आणि रक्ताने भिजलेले त्यांचे हात मात्र आपल्या फारसे ध्यानात राहत नाहीत.

या प्रसंगाचा विचार करताना मनात एक प्रश्न उभा राहतो. घोडे शेवटी पुन्हा जुंपायचेच होते. मग त्यांची ती शुश्रूषा करुणा म्हणायची, की रथ पुढे जावा म्हणून केलेली सोय?

हा प्रश्न आजचाही आहे. शर्यतीच्या तबेल्यात, पोलिसांच्या अश्वदलात, माथेरानच्या लाल मातीवर, केदारनाथच्या चढावर घोड्याला कुणीतरी खरारा करतो, त्याचे पाय चोळतो, पाठीवरून हात फिरवतो. घोड्याने उद्याही चालावे हाच बहुतेक वेळा त्यामागचा हेतू असतो. ज्याच्याकडून काम करून घ्यायचे आहे त्याला सुखात ठेवणे, ही सेवा होते का?

हाताखाली काय असते

उत्तराकडे जाण्यापूर्वी घोड्याचे शरीर थोडे समजून घेऊ. आपल्या खांद्यापुढे जे कॉलरबोन नावाचे हाड असते, ते घोड्याला नसते. त्याचे पुढचे पाय धडाला हाडाने जोडलेले नसतात. छातीचा सगळा भार दोन पायांमध्ये स्नायूंच्या झोळीत तोललेला असतो, आणि शरीराच्या वजनापैकी सुमारे ६० टक्के वजन या पुढच्या पायांवर येते. वर खोगीर आणि माणूस चढला, की मणक्याच्या दोन्ही बाजूंच्या लांब स्नायूंवर दाब पडतो. दाब सारखा नसेल तर तिथले स्नायू आखडतात. पाठ आखडली की पाऊल आखूड पडते. पाऊल आखूड पडले की दुसऱ्याच पायावर जास्त भार येतो आणि दुखणे अंगभर पसरते.

म्हणून जाणता मोतद्दार खरारा करताना केवळ धूळ झाडत नाही. मान, खांदे, पाठ, पुठ्ठे अशा क्रमाने त्याचा तळवा फिरत असतो. कुठे गरम लागते, कुठे गाठ आहे, कुठे हात लागताच कातडी थरथरते, याची नोंद तो घेत असतो. मालिशने स्नायू सैल होतात, घोडा शांत होतो. घोडेही एकमेकांची आयाळ आणि मानेचे मूळ दातांनी खाजवून देतात. फ्रान्समधल्या कामार्ग जातीच्या घोड्यांवर झालेला एक अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. मानेच्या मुळाशी, जिथे घोडे एकमेकांना खाजवतात नेमक्या त्याच जागी माणसाने खाजवले, तेव्हा घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावलेले आढळले. स्पर्शाची ही भाषा घोड्यांची स्वतःची आहे. आपण ती त्यांच्याकडून शिकायची आहे.

हात बोलतो की ऐकतो

घोडा हा शिकार होणारा प्राणी आहे. कळपात जो लंगडतो त्याच्यावर वाघाची नजर आधी जाते, म्हणून वेदना लपवणे त्याच्या रक्तातच आहे. तो ओरडत नाही. पण चेहरा थोडे सांगून जातो. २०१४ साली संशोधकांनी घोड्याच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची एक पद्धत मांडली. मागे वळलेले ताठ कान, आवळलेल्या पापण्या, डोळ्यावरचा ताण, जबड्याचे घट्ट झालेले स्नायू, आवळलेले तोंड, ताणलेल्या नाकपुड्या, अशा सहा खुणा त्यात पाहिल्या जातात.

मालिश करणारे अनुभवाने आणखी एक गोष्ट सांगतात. दुखऱ्या जागी जोर लावला तर घोडा अंग ताठ करतो, आणि जितका जोर वाढवावा तितका तो जास्त ताठ होतो. तोच हात हलका केला, श्वास संथ ठेवला आणि वाट पाहिली, तर काही वेळाने मान खाली येते, खालचा ओठ सैल पडतो, कधी जांभई येते. पाचशे किलोच्या प्राण्याला कुणी बळाने सैल करू शकत नाही. त्याला भरवसा वाटला तर तो स्वतः सैल होतो.

साधनेत आपण नेमके हेच शिकत असतो ना? मनाला दटावून ते शांत होत नाही. त्याच्यापाशी सावधपणे बसावे लागते. घोड्याजवळ उभ्या असलेल्या माणसाचे चित्त घाईत असेल, तर ती घाई हातात उतरते आणि घोड्याला ती कळते. तिथे आव आणता येत नाही.

सेवा कुठे बिघडते

आता आपल्या प्रश्नाकडे वळू. श्रीकृष्णांनी जे केले त्याचा क्रम पाहा. आधी घोडे सोडले, मग बाण काढले. त्यानंतर अंग चोळले, पाणी आणि चारा दिला, विश्रांती होऊ दिली. जुंपणे सगळ्यांत शेवटी आले.

आपण हा क्रम उलटा करतो. खोगीर खांद्याला काचते आहे, तंग रुतला आहे, नाल झिजली आहे, दातांना धार आल्याने लगाम टोचतो आहे. हे आजच्या घोड्याच्या अंगातले बाण आहेत. ते तसेच ठेवून वरून तेल चोळले आणि घोडा पुन्हा बाहेर काढला, तर त्या मालिशने दुखणे झाकले जाते, संपत नाही. हात प्रेमळ असेल, परंतु काम हिंसेचेच होते. घोडा अचानक लंगडू लागला, ताप आला, पायाला गरम सूज आली, तर मालिश करत बसू नये, पशुवैद्याला बोलवावे. मेहनतीनंतर घोड्याचे पुठ्ठे दगडासारखे कडक झाले, तो जागचा हलेना, लघवी गडद झाली, तर त्याला चोळूही नये आणि चालवूही नये. तो स्नायूंचा गंभीर आजार असू शकतो. त्या वेळी उत्तम सेवा म्हणजे हात मागे घेणे आणि ताबडतोब मदत आणणे.

यातून सेवेची एक कसोटी हाती लागते. घोड्याचे अंग हाताला सांगते, ‘आज नको.’ ते ऐकून आपण आजची फेरी, आजची शर्यत, आजची कमाई सोडायला तयार आहोत का? तयार असू, तर उद्या त्याच घोड्याकडून काम घेतले तरी आजचा स्पर्श सेवाच आहे. तयार नसू, तर आपण यंत्राला वंगण घालतो आहोत. फळाची आसक्ती सोडणे ही गोष्ट प्रवचनात फार मोठी वाटते. तबेल्यात ती एवढीशी असते, एका दिवसाच्या मजुरीएवढी. आणि तिथेच ती अवघड जाते. श्रीकृष्णांनी तर ज्या दिवशी वेळ सर्वांत महाग होता, त्याच दिवशी तो घोड्यांसाठी खर्च केला.

आणि आपण पाठीवर बसतो तेव्हा

‘आमच्याकडे घोडा नाही, हा विषय आमचा कसा?’ असे कुणाला वाटेल. पण आपल्यापैकी अनेक जण गौरीकुंडाहून केदारनाथापर्यंतची सुमारे १६ किलोमीटरची वाट घोड्याच्या किंवा खेचराच्या पाठीवरून चढले आहेत. दर्शनाच्या ओढीत खालच्या पाठीकडे आपले लक्ष गेले होते का? आपल्या देशात प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्धचा कायदा १९६० पासून आहे. जखमी किंवा अशक्त जनावराला कामाला लावणे त्याने गुन्हा ठरवले. पुढे १९६५ च्या नियमांत सामान वाहणाऱ्या तट्टूवर ७० किलोंहून अधिक ओझे लादू नये आणि दिवसात ९ तासांहून जास्त काम घेऊ नये असे सांगितले. आपले स्वतःचे वजन आठवून हा आकडा पुन्हा वाचावा.

इथे घोडेवाल्याकडे बोट दाखवणे सोपे आहे. पण यात्रेचे दिवस थोडे असतात, त्यावर त्याच्या घराची वर्षभराची चूल असते, आणि ‘लवकर पोहोचव’ ही घाई आपली असते. संध्याकाळी जनावराचे पाय चोळायला त्या दमलेल्या माणसाच्या हातांत बळ उरावे, यात आपलाही वाटा आहे. घोड्याच्या पाठीवर बसूच नये, असे म्हणणारेही आहेत. ज्याचे पाय धड आहेत त्याच्यासाठी ते म्हणणे खरेच विचारात घेण्याजोगे आहे. ज्याला बसावेच लागते त्याने निदान आधी उतरून पाहावे.

पालखी सोहळ्यात रिंगणात माउलींचा अश्व धावून गेला, की वारकरी त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. त्या मातीचा मान राखायचा, तर कुठल्याही वाटेवरच्या घोड्याचे पाय आपल्याला परके वाटता कामा नयेत.

एक छोटा संकल्प

पुढच्या यात्रेत किंवा सहलीत घोड्यावर बसण्याची वेळ आली, तर आधी दोन मिनिटे त्याच्यासमोर उभे राहू या. कान, डोळे, नाकपुड्या पाहू या. खोगिराखाली जखम आहे का, तो एखादा पाय उचलून धरतो आहे का, हे विचारू या. शंका आली तर बसू नये, आणि घोडेवाल्याची त्या फेरीची मजुरी शक्य असेल तर तरीही द्यावी. वाटेत पाण्यापाशी थांबायला आपण होऊन सांगावे. चढण खडी असेल तिथे जमेल तितके पायी चालावे.

आणि घरी, कचेरीत, जिथे जिथे कुणी आपला भार वाहते आहे, तिथेही गोड शब्द आणि सणाची मिठाई देण्यापूर्वी एकदा विचारावे, की याच्या अंगात माझ्यामुळे रुतलेला एखादा बाण तर नाही ना? तो आधी काढू. हात त्यानंतर फिरवू.