लोहाराचे नाव

(वाचावे : १ शमुवेल १३:१९-२२, मार्क ६:१-३)



परतवाड्याच्या बाजारात कोणी आपले नाव विचारतो, व ते सांगताच लागलीच आडनाव विचारतो. आडनावावरून जात आणि जातीवरून माणसाची किंमत ठरविण्याची ही रीत आपणांस ठाऊक आहे. म्हणून कित्येकांस वाटते की, एखादे साहेबी आडनाव घेतले असता मान मिळेल.

तर मग इंग्लंडात सर्वांत अधिक आढळणारे आडनावच पाहू. ते स्मिथ होय. त्याचा अर्थ लोहार! मध्ययुगात तेथील गावोगावी फाळ, विळे व घोड्यांचे नाल घडविणारा लोहार असे. त्याच्या धंद्याचे नाव कुळास चिकटले, आणि नातवाने भाता सोडला तरी ते राहिले. अर्थशास्त्री ॲडम स्मिथ (१७२३-१७९०) हा जकात अधिकाऱ्याचा पुत्र होता. जर्मनांचा श्मिट व अरबांचा हद्दाद हेही लोहारच. टेलर म्हणजे शिंपी आणि पॉटर म्हणजे कुंभार.

तेव्हा एकच अर्थ इंग्रजीत उच्चारला तर खुर्ची मिळते, आणि मराठीत उच्चारला तर ओट्याखाली जागा दाखवितात. दोष नावात नाही. तो तोलणाऱ्याच्या तराजूत आहे.

शौल राजाच्या काळी इस्राएल देशात एकही लोहार उरला नव्हता. फाळ व कुऱ्हाड पाजवावयास लोकांस पलिष्ट्यांच्या दारी जावे लागे, आणि लढाईच्या दिवशी शौल व योनाथान ह्यांवाचून कोणाच्याही हाती तलवार वा भाला नव्हता. ज्यास आपण हलका म्हणतो, त्याच्यावाचून राज्य दुबळे होते. आणि आपला प्रभू? नासरेथकर त्यास सुतार म्हणून अडखळले; परंतु त्याने त्या नावाची लाज धरली नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तरी आडनाव टाकले नाही. त्याच नावाने त्यांची भजने मराठी मंडळ्यांत गाइली जातात.

परंतु, बंधूंनो, बाजारातल्या माणसास दोष देण्यापूर्वी स्वतःस विचारू : मंडळीत नवा मनुष्य आला, किंवा मुलीची सोयरीक ठरवावयाची झाली, म्हणजे आपण प्रथम काय विचारतो? तेथेही आडनावच ना? मग बाप्तिस्म्याच्या पाण्याने आपला तराजू धुतला गेला नाही.

देव आपणांस नावाने ओळखतो. त्याच्या मेजावर आडनाव विचारले जात नाही. आपल्या घरीही ते विचारले जाऊ नये. आमेन.